वहीतील येणे

तीर्थयात्रेस निघताना आपण सामानाची यादी करतो. पूजेचे धोतर-दुपट्टे, पाण्याचे गाळणे, कोरडा फराळ, गुडघ्यांचे तेल, हातातील काठी. घराची व दुकानाची व्यवस्था लावतो, कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा मागतो आणि मग निघतो. एवढे झाले की तयारी पूर्ण झाली असे वाटते. मलाही तसेच वाटले होते. त्या यादीतून एक मोठी गोष्ट राहून गेली होती, हे मला गाडीत बसल्यावर कळले. ज्याच्यामुळे कळले तो मनुष्य माझ्याच गावात अकरा वर्षे राहत होता, आणि मी त्याला कधी पाहिले नव्हते.

काही वर्षांपूर्वीच्या कार्तिकातील ही गोष्ट आहे. इचलकरंजीत आमची सुताची पेढी आहे. वडिलांनी ती सुरू केली, आता मुलगा पाहतो. दिवाळीस पहाटे मंदिरात भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढविला, सायंकाळी पेढीवर वहीपूजन केले, नोकरचाकरांना बोनस व मिठाई दिली. भाऊबीजेस सांगलीला बहिणीकडे गेलो आणि तेथूनच चतुर्थीस मिरज स्थानकावर कोल्हापूर-धनबाद गाडी धरली. अष्टाह्निका पर्व सम्मेदशिखरजीवर करावे ही सौभाग्यवतींची फार वर्षांची इच्छा होती. चोवीसपैकी वीस तीर्थंकर ज्या पर्वतावरून मोक्षास गेले, त्याची एकदा तरी वंदना घडावी असे कोणत्या जैन घरात वाटत नाही?

ही गाडी आठवड्यातून एकदाच असते. दक्षिण महाराष्ट्रातील श्रावकांना ती सोयीची, कारण ती थेट पारसनाथ स्थानकात उतरविते. मात्र ती आपल्यासाठीच धावते असा जो माझा समज होता, तो डब्यात पाऊल ठेवताच दूर झाला. डबा माणसांनी भरून गेला होता. बाकांवर, बाकांच्या मधल्या जागेत, दारापाशी तरुण पोरे बसली होती. पिशव्या, गाठोडी, नव्या बादल्या, एकाजवळ तर शिलाईयंत्र. छठपूजेसाठी ही सारी मंडळी झारखंड-बिहारकडे निघाली होती.

आमच्या बाकाशी एक तिशी ओलांडलेला मनुष्य आला. मी मनात हिंदी वाक्य जुळवू लागलो, तोच तो म्हणाला, “काका, जरा सरकता काय? कोपऱ्यावर टेकतो. तिकीट हाय, पण जागा पक्की झाली न्हाई.”

ती बोली ऐकून आम्ही दोघेही चकित झालो. सौभाग्यवतींनी विचारले, “तू आमच्याकडचाच का रे?”

“न्हाई काकू. गाव गिरिडीह जिल्ह्यात, पारसनाथ पहाडाच्या पायथ्याला. पण अकरा वर्षं इचलकरंजीत मागावर हाय.”

आम्ही जेथे यात्रेला निघालो होतो ते त्याचे घर होते, आणि जे आमचे घर ते त्याचे परदेश होते.

एकच वाट, दोन दिशा

दोन रात्रींचा प्रवास. पंढरपूर गेले, लातूर गेले, आणि हळूहळू बोलणे वाढत गेले. तो सहा माग सांभाळत होता. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मजुरी मीटरवर, आणि मीटरचा दर कापडाच्या पिकावर. वीज गेली की मीटर थांबते, सूत तुटत राहिले की मीटर थांबते, बीम संपले आणि नवे लागले नाही तरी मीटर थांबते. एका खोलीत सातजण. जे दिवसपाळीस जातात त्यांच्या जागेवर रात्रपाळीचे झोपतात.

त्याने ज्या गल्लीतील कारखान्याचे वर्णन केले, तो मी लगेच ओळखला. तेथे वीस वर्षांपासून आमचे सूत जाते. मालकाशी माझे चहापाण्याचे संबंध आहेत. त्या कारखान्याच्या बाहेरच्या खोलीत मी कितीदा तरी बसलो आहे. आतून येणारा मागांचा खडखडाट ऐकत आम्ही भाव ठरविले आहेत. त्या आवाजाच्या मागे कोण उभा आहे, हे पाहण्यास मी कधी उठून आत गेलो नव्हतो.

१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला आणि जहागिरीचे अधिपती श्रीमंत नारायणराव घोरपडे यांनी या उद्योगास आश्रय दिला. हा इतिहास मी पाहुण्यांना अभिमानाने सांगत आलो आहे. सुताचे व्यापारी, कापडाचे व्यापारी, यंत्रमागधारक, सायझिंगवाले या सर्वांची नावे त्या कथेत येतात. दूरच्या प्रांतांतून येऊन रात्ररात्र माग चालविणाऱ्यांचे एकही नाव मला सांगता आले नसते.

“मग गावाकडे काही काम नाही का?” मी विचारले. “इतके यात्रेकरू येतात. मधुबनात एवढ्या धर्मशाळा आहेत.”

तो हसला. “अठराव्या वर्षी चुलत्यासंगं डोली उचलली की काका. दोन हंगाम. खांद्याला घट्टे पडले. पर पावसाळ्यात यात्रेकरू कमी, म्हणजे चूल बी कमी. शेत हाय, एक पीक येतं, ते बी पावसावर. बापाच्या आजारात कर्ज झालं, मग एका दोस्ताबरोबर इकडं आलो. धाकटा भाऊ आखातात गेला. आमच्या बाजूला बगोदर, डुमरीकडं जावा, घराघरातला एक गडी भाईर असतो.”

वंदनेची वाट सत्तावीस किलोमीटरांची. नऊ चढण्याचे, नऊ वर टोंकांच्या दर्शनाचे, नऊ उतरण्याचे. आम्ही लहानपणापासून हे आकडे पाठ केले आहेत. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या मुलाला भाकरीसाठी दोन रात्रींची वाट चालावी लागते, हा हिशेब आम्हाला कोणी सांगितला नव्हता आणि आम्हीही कधी विचारला नव्हता.

सूर्यास्तापूर्वी आम्ही डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू. त्याने स्वतःच्या पिशवीतून चुडा, म्हणजे आपले पोहे, काढले. बरोबर एक कांदा होता. आमच्या डब्याकडे आणि मग आमच्याकडे पाहून त्याने कांदा गुपचूप पिशवीत परत ठेवला.

“खा रे, आमच्यासाठी थांबू नकोस,” मी म्हणालो.

“नको काका. तुमी यात्रेला निघालाय. मधुबनात वाढलोय, मला ठावं हाय.”

सौभाग्यवतींनी त्याच्या हातावर दोन दशम्या ठेवल्या. त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेला गुळाचा एक रवा दाखविला. “आई छठचं व्रत धरती. ठेकुवा करायला कोल्हापुरी गूळ पायजे म्हणती. दरवर्षी नेतो. गावातल्या बायका वास घेऊन सांगतात, ह्येच्याकडं महाराष्ट्राचा गूळ आला.” षष्ठीच्या संध्याकाळी मावळत्या सूर्यास अर्घ्य द्यावयाचे, त्याआधी प्रसाद झाला पाहिजे. गाडी षष्ठीस सकाळी पोहोचणार होती. दर स्थानकावर तो घड्याळ पाहत असे.

त्याची वही

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने खिशातून एक लहान वही काढून काही लिहिले. व्यापाऱ्याचा डोळा वहीवर जातोच. मी विचारले, तर त्याने संकोच न करता ती माझ्या हाती दिली.

हिंदीत, पेन्सिलीने, पण फार नेटकी लिहिलेली. प्रत्येक पानावर एक महिना. वर मिळालेली मजुरी. खाली खोलीभाडे, खानावळ, उचलीची कपात. आणि शेवटी एक ओळ, ‘घर’. कुठल्या महिन्यात आठ हजार, कुठल्यात नऊ, एका महिन्यात दोनच. तो गावातील बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात खात्यावर पैसे पाठवी आणि पत्नी अंगठा लावून ते काढी. थोरल्या मुलीची शाळा, आईचे औषध, बहिणीच्या लग्नाचे कर्ज अशा बारीक नोंदी कडेला होत्या. जमा आणि नावे यांचा मेळ प्रत्येक पानावर बसविलेला. माझ्या मुलास मी जे वर्षानुवर्षे शिकवू पाहत होतो, ते या मनुष्याने कोणी न शिकविता साधले होते.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर एक ओळ होती : ‘बाकी, १७ दिन.’ त्याखाली दोन रेघा.

“हे काय?”

“सतरा दिवसांची मजुरी. मालकाकडं राहिली. गावावरनं परत आलो की मिळंल.”

“दिवाळीला हिशेब पूर्ण करत नाहीत?”

“बोनस दिला की. मिठाई बी दिली. पर शेवटची मजुरी ठेवून घेतात. सगळीकडं तसंच हाय. न्हाई तर माणूस फिरून येईल का, असं त्येंना वाटतं.” तो थांबून म्हणाला, “जनावराला दावं लागतं, माणसाला बाकी पुरती, काका.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी मात्र खिडकीबाहेर पाहू लागलो.

सांगावयास हवे ते सांगतो. आमच्या गोदामात पाच हमाल आहेत, तीन विजापूरकडील आणि दोन बिहारचे. दिवाळीस गावी जाताना त्यांना बोनस मिळतो, मिठाईचा डबा मिळतो, मुलांना कपडे मिळतात. शेवटच्या पंधरवड्याची मजुरी मात्र ‘आल्यावर’. ही आमच्या पेढीची रीत वडिलांपासूनची. ते म्हणत, थोडे मागे ठेवावे, म्हणजे पाखरू फिरून येते. मी हे व्यवहारातील शहाणपण समजून जपले आणि मुलासही दिले. पाच दिवसांपूर्वी वहीपूजन करून मी जी वही बंद केली, तिच्यात पाच माणसांचे देणे होते. त्या वहीवर मी हळद-कुंकू वाहिले होते.

दान आणि देणे

बोलता बोलता टाळेबंदीचा विषय निघाला. मार्च २०२० मध्ये माग बंद पडले तेव्हा तो इचलकरंजीतच होता. त्या वर्षी १ मे रोजी पहिली श्रमिक विशेष गाडी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटिया येथे गेली. ती बातमी मोबाईलवर पाहून त्यांच्या खोलीतील सातही जण रडले होते, असे तो म्हणाला. आपली पाळी येण्यास आणखी दोन आठवडे लागले.

“त्या दिवसांत तुमच्या समाजाच्या मंडळानं धान्य वाटलं. मी बी पाकीट घेतलं होतं, काका. तांदूळ, डाळ, तेल. चांगलं होतं.”

मला समाधान वाटले, कारण त्या वाटपात मी स्वतः उभा होतो. वर्तमानपत्रात छायाचित्रही आले होते. तेवढ्यात तो पुढे बोलला, अगदी सहज : “दान मिळालं. मार्चची मजुरी मातर मिळायला श्रावण उजाडला.”

ते वाक्य त्याने मला लागावे म्हणून म्हटले नव्हते. ते लागले.

मी अनेक वर्षे रविवारी पाठशाळेत मुलांना शिकवितो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव तोडणे, शक्तीबाहेर भार लादणे, अन्नपाणी अडविणे. मी मुलांना नेहमी बैलाचे उदाहरण देत असे. आजच्या व्यापाऱ्याकडे बैल कोठे आहेत? म्हणून या पाचांपैकी एकही आपल्याला लागू नाही, अशी माझी निश्चिंत समजूत होती. सतरा दिवसांची मजुरी अडविली म्हणजे एका घरातील सतरा दिवसांचे अन्न अडविले, आणि ती मिळेपर्यंत तो मनुष्य बांधलाही गेला. एका व्यवहारात दोन अतिचार होतात, हे मला पाठशाळेत कळले नाही. शयनयान डब्यात कळले.

दोष एकट्या मालकाचा आहे असेही नाही. कापडाचा व्यापारी मालकास दोन-तीन महिन्यांनी पैसे देतो. सुताचा व्यापारी, म्हणजे मी, दिवाळीपूर्वी बिल वसूल करण्यासाठी मालकाच्या दारात बसतो. प्रत्येकजण आपले येणे आधी ओढतो आणि आपले देणे पुढे ढकलतो. ढकलत ढकलत ते जेथे थांबते, तेथे ढकलण्यास पुढे कोणी नसलेला मनुष्य उभा असतो. मजुरीचा काळ संपल्यावर ठरावीक दिवसांत ती दिलीच पाहिजे, असे १९३६ पासून कायदा सांगत आला आहे. आपल्या व्रतांनी तर ते कितीतरी आधी सांगितले होते.

आपला समाज दानशूर आहे आणि ही गोष्ट अभिमानाचीच आहे. परंतु दुसऱ्याचे देणे ठेवून घेऊन केलेले दान कोणाचे? त्यातील काही रक्कम त्या मजुराचीच असते. देणे फिटल्यानंतर जे आपल्याजवळ उरते, त्याचेच दान करण्याचा अधिकार आपल्याला आहे.

पारसनाथ स्थानक

पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन येईपर्यंत गाडीस तीन तास उशीर झाला होता. त्याचा जीव वरखाली होऊ लागला. गया गेले, कोडरमा गेले. रुळांच्या कडेने तळ्यांचे काठ झाडून-सारवून ठेवलेले दिसत होते, केळीचे खांब उभे होते, बायका सूप आणि टोपल्या घेऊन चालल्या होत्या. आपल्याकडील गावांत जसा ऊस विकावयास ठेवतात, तसा प्रत्येक स्थानकावर ऊस उभा होता. “हा बघा काका, हितं बी ऊस,” तो म्हणाला आणि प्रवासात प्रथमच मनमोकळा हसला.

दुपारी आम्ही पारसनाथ स्थानकात उतरलो. दूरवर तो पर्वत दिसला, धुक्यात निळसर. आम्ही दोघांनी हात जोडले, त्यानेही जोडले. “आमच्याकडं संथाल लोक ह्येला मरांग बुरू म्हणत्यात, तुमी शिखरजी म्हणता,” तो म्हणाला. “आमी पहाड म्हणतो. परदेशात दिसत न्हाई म्हणून वाईट वाटतं.”

सौभाग्यवतींनी दिवाळीच्या लाडवांचा डबा त्याच्या मुलींसाठी दिला. मी खिशात हात घातला, तेव्हा तो दोन पावले मागे सरला. “पैसे नको काका. एक गोष्ट करा. काकूंसाठी डोली कराल, तर चढताना त्येंना मधी पाणी प्यायला थांबू द्या. यात्रेकरूंना दर्शनाची घाई असती. डोलीवाला मागून घेत न्हाई.”

एवढे बोलून, गूळ छातीशी धरून, तो माणसांनी लगडलेल्या जीपच्या मागे धावला.

मधुबनात पोहोचल्यावर मी धर्मशाळेत सामान ठेवले आणि प्रथम मुलास फोन केला. पाचही हमालांचा पंधरवडा त्यांच्या खात्यांवर आजच पाठव, असे सांगितले.

“बाबा, ते गावी आहेत. पैसे आताच दिले तर परत येतील का?”

माझ्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो, “येवोत किंवा न येवोत. ते पैसे आपले नाहीत.”

थोडा वेळ तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याचा निरोप आला, पाठविले. त्या वेळी मधुबनच्या रस्त्यावरून अर्घ्य देऊन परतणाऱ्या बायका जात होत्या. गूळ वेळेवर पोहोचला असेल, असे आम्ही धरून चाललो.

अष्टमीस मध्यरात्रीनंतर आम्ही वंदनेस निघालो. सौभाग्यवतींना काट्यावर बसवून वजन झाले, त्यावर डोलीचा दर ठरला. गंधर्व नाल्यापाशी थांबलो, सीता नाल्यापाशी थांबलो. डोलीवाल्यांनी पाणी प्यायले, घाम पुसला. त्यांच्यातील एकाचा मुलगा सुरतेस होता. आम्हाला वर पोहोचण्यास इतरांपेक्षा उशीर झाला. पार्श्वनाथांच्या टोंकावर ऊन आले होते, आणि दर्शनात काहीही उणे वाटले नाही.

परतल्यावर

परत आल्यानंतर मी त्या कारखान्याच्या मालकाकडे गेलो. उपदेश करण्यास तोंड नव्हते. आपलीच गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि म्हटले, “शेठ, तुम्ही दिवाळीचे माझे सुताचे बिल पंधरा दिवस थांबवा. मी सगळ्यांचा हिशेब पूर्ण करून पाठवितो.” बोलणे सरळ होते आणि रास्तही. तेव्हापासून जो यंत्रमागधारक गावी जाणाऱ्यांची मजुरी आधी चुकती करतो, त्याचे दिवाळीचे बिल आमची पेढी पंधरा दिवस उशिरा घेते. व्याजाचे नुकसान होते. ते मी कोणत्याही दानाच्या खात्यात लिहिलेले नाही.

तो मनुष्य महिन्याभराने परत आला. त्याला त्याचे सतरा दिवस मिळाले, आणि पुढच्या दिवाळीस निघताना त्याच्या वहीत बाकी नव्हती. मी त्या दिवशी कारखान्यात आत गेलो होतो. मागांच्या आवाजात बोलणे शक्य नव्हते. त्याने ओठांनीच ‘काका’ म्हटले आणि वहीचे शेवटचे पान उघडून दाखविले.

आमच्या पाच हमालांपैकी चौघे त्या वर्षी आले. एक आला नाही. त्याला गावाजवळच काम मिळाले, असे नंतर समजले. मुलगा म्हणाला, “बघा बाबा, मी म्हणालो होतो.” मी वही उघडून त्याला त्या हमालाचे पान दाखविले. त्याच्या नावासमोर आमचे देणे काही राहिले नव्हते.

येत्या दिवाळीस वहीपूजन करण्यापूर्वी आपणही आपल्या वहीचे हे एक पान उघडून पाहावे, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.